डॉक्टर हू, दहा डाउनिंग स्ट्रीट आणि म्हणे पोरखेळ!

निळी_पेटी: 'कुठल्याही काळात जाता येतं, तरी घोडं दहा डाउनिंग स्ट्रीटला, ब्रिटिश पंतप्रधानांच्या घरात अडतं आणि शेवटी क्षेपणास्त्राने घर उडवतात. पोरखेळ!' ही परवाची पोस्ट वाचून डोकं फिरलं. साहेब, 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेचे २००५ चे ते दोन भाग पाहिलेत, की नुसती क्लिप? हॅरिएट जोन्स ही साधी खासदार, दिसेल त्याला ओळखपत्र दाखवत फिरते. काळात फिरणाऱ्या डॉक्टरला तिचं भविष्य ठाऊक: सलग तीनदा पंतप्रधान, ब्रिटनचं सुवर्णयुग. त्याच वर्षीच्या नाताळच्या भागात ती माघारी निघालेलं परग्रहवासीयांचं यान उडवते आणि हाच डॉक्टर बाबा सहा शब्दांत तिची खुर्ची घालवतो. सुवर्णयुग पाण्यात! २००७ मध्ये त्याच घरात डॉक्टरचा वैरी मास्टर पंतप्रधान म्हणून येऊन बसतो. काळात ढवळाढवळ केल्याची किंमत अजून कशी दाखवायची?

खवचट_पुणेकर: पोस्ट माझीच. भाग पाहिलेत, दोनदा. वॉलपोल, ब्रिटनचा पहिला पंतप्रधान, त्या घरात राहायला आला १७३५ मध्ये, आणि तुमची सगळी धमाल आजच्याच काळात. मग काळात फिरायचं यंत्र कशाला? टॅक्सी करा.

गिरणगाव: १७३५ दाखवायचं तर आधी विटा पिवळ्या करा! त्या मूळच्या काळ्या नाहीतच, धुराची काजळी ती. साठच्या दशकातल्या दुरुस्तीत पिवळ्या निघाल्या, तर मुद्दाम काळ्या रंगवल्या. आमच्या सोसायटीच्या कमिटीनेही असाच दगडी भिंतीला ऑइलपेंट फासलाय. विचारलं तर 'मेंटेनन्स भरा आधी'.

निळी_पेटी: इथे सोसायटी कुठून आली?

गिरणगाव: भिंतीतून! तुम्हाला खुर्च्याच दिसतात.

लंडनची_काकू: भांडू नका रे. माझ्या भाच्याला त्या दारापुढे फोटो हवा होता. १९८९ पासून फाटक आहे, पोलिसाने हसून परत पाठवलं. दारही आता पोलादी, आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या १९९१ च्या हल्ल्यानंतरचं. मालिकेत मात्र कुणीही आत घुसतं.

खवचट_पुणेकर: बघा! काकूंना फाटकात अडवतात आणि परग्रहावरचे हिरवे राक्षस माणसाची कातडी पांघरून आत.

निळी_पेटी: अहो, कातडी त्यासाठीच पांघरलीय ना! आतल्याच माणसांची सोंगं घेतली की फाटक काय करणार?

खवचट_पुणेकर: बरं, हॅरिएटचा मुद्दा दिला तुम्हाला. दिवाळी समजा. टॅक्सीचं उत्तर अजून आलेलं नाही.

गिरणगाव: आणि ऑइलपेंट दगडाला श्वास घेऊ देत नाही, हेही लिहून ठेवा.