‘देखू’ म्हणजे नेमकं कधी?

केळीवाला_चोपडा
वडील गेल्यावर यंदा पहिल्यांदाच केळीचा सौदा माझ्यावर आलाय. आधी बारा वर्षं ठाण्यात नोकरी. आठ दिवसांपूर्वी व्यापारी बागेत येऊन गेला. घडाखाली हात घालून वजन पाहिलं, दोन फण्या दाबल्या, "माल चांगला शे भाऊ" म्हणाला. कापणी कधी, विचारलं तर "देखू". दुसऱ्या दिवशी फोन केला, "गाडीनं देखू", म्हणजे गाडीचं पाहू. काल परत तेच. याचा अर्थ होकार धरू की दुसरा व्यापारी पाहू? आई म्हणते, "तो हावच म्हणतोय", म्हणजे होच. मला तर तसं ऐकूच आलं नाही.

नाना_अडावद
भाऊ, शब्द सोड. 'देखू' म्हणताना गाडीला किल्ली लावलेली होती का? मग नाही. ट्रक कुठपर्यंत येतो, बांधावर चिखल आहे का, असं काही विचारलं का? मग हो. तुझा माणूस बहुतेक बऱ्हाणपूरचा बोर्ड, म्हणजे तिथला केळीचा जाहीर भाव, उतरायची वाट पाहतोय. दिल्लीकडे जाणारी केळी हिरवी कापावी लागते, हे त्याला पक्कं माहीत. एक फणी पिवळी पडली की तोच म्हणेल, "माल झाडवर पिकी गया", आणि भाव पाडेल. दुसरा व्यापारी उद्याच बागेत फिरव, तेही भरदिवसा, रस्त्यावरून दिसेल असा.

रिवाइंडिंगवाला_अमळनेर
आता विषय निघालाच आहे तर आमचीही गुपितं सांगून टाकतो, शिव्या देऊ नका. "संध्याकाळी व्हई जाई", होऊन जाईल, म्हणजे तुमची पाण्याची मोटार मी अजून उघडलेलीसुद्धा नाही. "पोरगा तांब्याची तार आणायला गेलाय" म्हणजे थोडे पैसे आधी टेका. "वार्निश सुकतंय" मात्र खरं धरा, दुकानात पाय ठेवला की वास येतो, तिथं थाप चालत नाही. तोंडावर नाही का म्हणत नाही? गव्हाचं पाणी खोळंबलेलं असतं. नाही म्हटलं की माणूस मोटार उचलून समोरच्या दुकानात जातो, आणि तिथंही त्याला संध्याकाळच सांगतात!

यावलची_सून
आमच्याकडे हिवाळाभर "या ना एकदा भरीत खायला" चालू असतं. पहिल्या वर्षी मी खरंच डबा घेऊन विचारायला गेले होते, कोणत्या दिवशी येऊ म्हणून. सासूबाई आठवडाभर हसत होत्या. "बामणोदची वांगी आणलीत, काड्यांवर भाजायला घेतोय" असा फोन आला की मग पोरांना चपला घालायच्या.

केळीवाला_चोपडा
नाना, तुमचं ऐकलं. दुपारी दुसरा व्यापारी आणला, बागेत तासभर फिरवला. संध्याकाळी पहिला स्वतःच दारात. "काय भाऊ, मी देखू म्हटलं होतं ना!" चहा घेतला, बसला, नाल्यावरून ट्रक उतरतो का विचारलं. आज सकाळी सहाला मजूर आले, दुपारपर्यंत गाडी भरली. बोर्डापेक्षा थोडा कमी, पण भाव बरा मिळाला.

फक्त एक राहिलं. पैसे कधी, विचारलं तर ट्रकच्या फळीवर हात मारून म्हणाला, "व्हई जाई." नाना, त्याची किल्ली गाडीला लावलेली होती.