शब्दचर्चा: जनुक ‘व्यक्त होते’ म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न: मेंदूतल्या पेप्टाइडांवरचा (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांवरचा) एक लेख मराठीत आणते आहे. ‘हॅलोपेरिडॉलमुळे एनकेफालिनच्या जनुकाची अभिव्यक्ती वाढते’ असे लिहिले (एनकेफालिन हे मेंदूतले वेदना कमी करणारे पेप्टाइड) आणि आईला वाचून दाखवले. मामा हीच मनोविकारावरची गोळी घेतो, त्यामुळे ती घाबरली. ‘म्हणजे गोळीने जनुकच बदलते?’ अभिव्यक्तीला दुसरा शब्द आहे का?

– आईची शंका रास्त आहे. मराठीत अभिव्यक्ती म्हटले की कवी आठवतो, नाहीतर अभिव्यक्तिस्वातंत्र्य. इथे मात्र जनुक जागच्या जागी असते, त्यातले एक अक्षरही बदलत नाही. वाढतात त्या त्याच्या नकला. दहावीच्या विज्ञानात ‘प्रतिलेखन’ शिकवतात ना, तेच. डीएनएवरून संदेशवाहक आरएनए उतरवला जातो, त्यावरून प्रथिन बनते आणि ते लांब प्रथिन तोडून पाच अमिनो आम्लांचे एनकेफालिन सुटे होते. (अ‍ॅबर्डीनमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी 1975 साली डुकराच्या मेंदूतून ते वेगळे केले. ग्रीक नावाचा अर्थ ‘डोक्यातले’. किती साधे नाव!)

– ‘जनुक प्रभावी होते’ चालेल का?

– नको, कृपया नको. प्रभावी आणि अप्रभावी हे शब्द मेंडेलच्या वाटाण्यांपासून आनुवंशिकतेत बसलेले आहेत. वाचक भलतीकडे जाईल. ‘जागे होते’ही नको, जनुक आधीपासून चालूच असते.

माझे मत असे, की ‘अभिव्यक्ती’ एकदाच द्यावी आणि पुढे क्रियापद वापरावे: उतरवणे, नकला काढणे. कारणही सांगावे, म्हणजे भीती जाते. स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागातल्या काही चेतापेशींना डोपामिन हे निरोप पोचवणारे रसायन डी-2 रिसेप्टरवाटे (पेशीवरच्या, निरोप घेणाऱ्या प्रथिनावाटे) आवरून धरते. हॅलोपेरिडॉल तो रिसेप्टर अडवते आणि आवर सुटतो. उंदरांना काही आठवडे औषध दिले, की याच पेशींत एनकेफालिनचा संदेशवाहक आरएनए वाढलेला दिसतो. शेजारच्या, सबस्टन्स पी हे दुसरे पेप्टाइड बनवणाऱ्या पेशींत तशी वाढ होत नाही. म्हणून ‘मेंदूतली जनुके वाढतात’ असे सरसकट लिहू नये. आणि प्रयोग उंदरांवरचा आहे, हे वाक्यातच यावे.

– आभार. आता असे लिहिले आहे: ‘हॅलोपेरिडॉल दिलेल्या उंदरांच्या स्ट्रायटममधल्या काही पेशी एनकेफालिनच्या जनुकावरून जास्त नकला उतरवू लागतात, जनुक मात्र होते तसेच राहते.’ आज आईला पुन्हा वाचून दाखवते.