मदत हवी आहे: बाबांचं विसरणं वाढलंय, खाण्यात नेमकं काय बदलू?

मंडळी, जरा सल्ला हवाय. बाबा ७४ वर्षांचे, डायबेटिस जुना, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे, पित्ताची गोळी रोज सकाळी आणि हार्टमुळे रक्त पातळ करायची गोळी. हल्ली तेच तेच विचारतात, बोलता बोलता शब्द अडकतो, आणि जेवण तर एकदम निम्म्यावर आलंय, पँट सैल व्हायला लागल्यात. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे पण तोवर घरात प्रत्येकाचं वेगळंच चाललंय. बहीण म्हणते माइंड डाएट चालू कर, भावाने जिंको बिलोबाच्या (एका झाडाच्या पानांचा अर्क, स्मरणशक्तीसाठी म्हणून विकतात) गोळ्या मागवल्यात, आणि आत्या म्हणते अक्रोड दे, त्याचा आकारच बघ मेंदूसारखा (यावर काय बोलणार).

माइंड डाएटचं मी थोडं वाचलं, म्हणजे पालेभाज्या, बेरी, कडधान्यं, सुका मेवा, मासे, आणि लोणी, गोड, तळलेलं कमी. २०१५ च्या अभ्यासात हे काटेकोर पाळणाऱ्यांना अल्झायमरचा धोका ५३ टक्के कमी दिसला होता, पण ते नुसतं निरीक्षण, असं नीट खाणारी माणसं चालतातही आणि बीपीही सांभाळतात ना. नंतर २०२३ मध्ये ६०४ जणांवर तीन वर्षांची ट्रायल आली त्यात साध्या आहाराच्या गटापेक्षा ठळक फरक काही निघाला नाही. मग हे करायचं की नाही? आणि जिंको द्यावं का?

प्रतिसाद १
जिंको आधी कपाटात टाका. २००८ मध्ये ३००० च्या वर लोकांवर मोठी ट्रायल झाली, सगळे ७५ च्या पुढचे, डिमेन्शिया काही टळला नाही. वर रक्त पातळ करायच्या गोळीसोबत रक्तस्रावाची भीती. ती गोळी वॉरफरिन असेल तर पालेभाज्याही एकदम वाढवू नका, व्हिटॅमिन के मुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) हलतो, रोज साधारण सारख्याच प्रमाणात द्या.

प्रतिसाद २
मला तर पहिला संशय बी१२ चा येतोय. मेटफॉर्मिनने ते नीट शोषलं जात नाही आणि पित्ताच्या गोळीने पोटातलं ॲसिड कमी झालं की अन्नातलं बी१२ सुटंच होत नाही, म्हणजे दोन्हीकडून मार. हिमोग्लोबिन नॉर्मल आहे म्हणून गप्प बसू नका, तरीही कमी असू शकतं. पायाला मुंग्या येतात का विचारा. थायरॉइड आणि सोडियम पण त्याच रक्तात होऊन जाईल.

प्रतिसाद ३
त्या २०२३ च्या ट्रायलमध्ये वजन जास्त असलेलीच माणसं घेतली होती हो, दोन्ही गटांना कॅलरी थोड्या कमी करायला सांगितलं होतं. तुमच्या बाबांचं उलट आहे, वजन उतरतंय. त्यांना लोणी बंद, अमुक बंद करत बसलात तर आणखी खंगतील. किडनी ठीक असेल तर या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, ते पोटात जातंय का बघा. दात, कवळी, बद्धकोष्ठ, मूड, यातलं काहीतरी असेल म्हणून जेवण कमी झालं असेल. आणि साखरेची फक्त मेटफॉर्मिनच आहे ना?

धागाकर्ता
मुंग्या येतात म्हणाले! कधी बोललेच नव्हते. जिंको बंद केलं, भाऊ रुसलाय. आणि हो, ग्लिमेपिराइड पण आहे, ते लिहायचं राहिलं.

प्रतिसाद ३
मग पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. जेवण निम्मं आणि ग्लिमेपिराइडचा डोस तोच, म्हणजे साखर खाली जात असू शकते, आणि म्हाताऱ्या माणसात घाम, थरथर न दिसता नुसता गोंधळच दिसतो कधीकधी. बाबा गोंधळलेले वाटले की लगेच ग्लुकोमीटरवर बघा, ७० च्या खाली असेल तर साखरेचं पाणी द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. डोस मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका, आकडे लिहून डॉक्टरांना सांगा.