‘तस्करी’, ‘वाहतूक’ की ‘अपव्यापार’? आणि ‘पळून’–‘पळवून’मधला फरक

पांझराकाठ:
आठवी-नववीच्या मुलींसाठी बाल संरक्षणावर एक माहितीपत्रक तयार करतेय. पेपरात ‘मानवी तस्करी’ छापून येतं. पोलिसांच्या कक्षाचं नाव ‘अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष’. राज्यघटनेच्या मराठी प्रतीत कलम 23 मध्ये ‘माणसांचा अपव्यापार’. तिन्हींचा अर्थ एकच आहे का? मुलींना कळेल असा कोणता शब्द घ्यावा?

तापीकाठ:
ताई, कायद्याचा अर्थ ‘अपव्यापार’ सगळ्यात नीट पकडतो, पण तो कुणाच्या तोंडी नाही. ‘तस्करी’ म्हटलं की आपल्याकडे गांजा, सागवान आणि सीमेवरचा चेकनाका आठवतो. राज्याची हद्द ओलांडली तरच गुन्हा, असा समज त्यातूनच होतो. ‘वाहतूक’ म्हटलं की गाडी आली. कायद्याला या दोन्हींची गरज नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 143 (1 जुलै 2024 च्या आधी भा.दं.वि. 370) पाच कृत्यं सांगतं: माणूस भरती करणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या हवाली करणं, ताब्यात घेणं. म्हणजे अक्कलकुव्याची पोर शेजारच्या तालुक्यात कुणी घरात ठेवून घेतली, तरी ठेवून घेणारा आरोपी होऊ शकतो. मात्र त्यामागे शोषणाचा हेतू हवा आणि धाक, बळजबरी, फसवणूक किंवा आमिष हवं. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याला पैसे देऊन मिळवलेली संमती याच आमिषात मोडते. ‘बापानंच पाठवली’ हा बचाव म्हणून टिकत नाही. पीडिताची संमतीही तिथे गैरलागू ठरते. बालकाच्या बाबतीत शिक्षा किमान 10 वर्षं ते जन्मठेप, एकाहून जास्त बालकं असतील तर किमान 14 वर्षं.

पण माझ्या मते खरी अडचण या तीन शब्दांच्या आधीच सुरू होते. खान्देशात घरचे पोलीस ठाण्यात येऊन सांगतात, “पोर पयी गई” (पोर पळून गेली). लाजेनं मान खाली असते. जबाबात ते ‘मुलगी घरातून निघून गेली’ असं उतरतं. ‘पळून गेली’मध्ये कर्ता मुलगी असते, ‘पळवून नेली’मध्ये कर्ता दुसराच कुणीतरी. मधला एक ‘व’ गेला की आरोपीच वाक्यातून नाहीसा होतो. मूल 18 वर्षांखालचं असेल तर त्याला फूस लावून पालकांच्या ताब्यातून नेणं हे कलम 137 प्रमाणे अपहरणच आहे, मग ते मूल हसत गेलं का रडत, याला महत्त्व नाही. ‘फूस लावून’ हे शब्द बातम्यांत इतके घासले गेलेत की कुणी ते लक्षपूर्वक वाचत नाही, पण सगळा गुन्हा त्यांच्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्येच सांगितलंय की बेपत्ता बालकाची नुसती ‘मिसिंग’ नोंद करून भागणार नाही, अपहरण किंवा अपव्यापार गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. आणि चार महिन्यांत मूल सापडलं नाही, तर तपास त्याच लांबलचक नावाच्या कक्षाकडे जायला हवा.

भुसावळकर:
सहमत, पण दुसरी बाजूही बघा. मे 2023 मध्ये दानापूर–पुणे एक्सप्रेसमधून 59 मुलं आमच्या भुसावळला आणि मनमाडला उतरवली गेली. सोबतच्या पाच जणांना अटक झाली, ‘मुलांची तस्करी’ म्हणून मथळे झळकले. ती मुलं बिहारहून मदरशांत शिकायला निघाली होती. मार्च 2024 मध्ये प्रकरण गैरसमजातून घडल्याचं सांगून बंद झालं. वाहतूक होती, शोषणाचा हेतू नव्हता. त्या पाच जणांनी तुरुंगात काढलेले आठवडे कोण परत देणार? त्यामुळे पत्रकात ‘वाहतूक’ शब्द नकोच.

तोरणमाळ:
एक शब्द माझ्याकडून: निर्गम उतारा. शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा (मूल शाळेत कधी आलं, कधी गेलं या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल) म्हणजे वयाचा पक्का पुरावा, असं आपण सगळे धरून चालतो. सातपुड्यातल्या शाळांची रजिस्टरं उघडा, पानभर जन्मतारखा 1 जून. घरी नोंद नसली की गुरुजींनी ती लिहिलेली. खटल्यात मुख्याध्यापक साक्षीला उभे राहिले की आरोपीचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, “ही तारीख कुणी सांगितली?” बाल न्याय कायद्याच्या कलम 94 प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय चाचणी. नुसता शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रवेश रजिस्टरचा उतारा या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये स्पष्ट केलंय. वय सिद्ध झालं नाही की 10 वर्षांची किमान शिक्षा आणि पोक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), दोन्ही हातचे जातात. मुली पत्रक वाचतील तेव्हा घरी जन्मदाखला आहे का हे विचारतील, एवढी एक ओळ घाला.

पांझराकाठ:
घालते. आणि नव्या संहितेत भीक मागायला लावणंही शोषणात धरलंय का?

तापीकाठ:
हो, 143 मध्ये तो शब्द नव्यानं आलाय. पत्रकात असं लिहून बघा: “कामाचं, लग्नाचं किंवा शहराचं आमिष दाखवून कुणी तुम्हाला किंवा मैत्रिणीला नेत असेल, ठेवून घेत असेल, किंवा तुमच्या बदल्यात घरच्यांना पैसे देत असेल, तर तो मुलांचा व्यापार आहे. तुम्ही हो म्हटलं असलं तरी गुन्हा त्याचा. 1098 वर फोन करा.” ‘अपव्यापार’ कंसात द्या, म्हणजे पुढे जबाबात तो शब्द ऐकला तर ओळखीचा वाटेल.