मदत हवी आहे: जागतिक स्पर्धेसाठी सीट कुठली घ्यावी?

फिगर स्केटिंगची जागतिक स्पर्धा स्टेडियममध्ये पाहायची आहे. सगळ्या सत्रांचा पास घ्यायचा, पण सीटवर अडलंय. रिंक (बर्फाचं मैदान) साधारण ६० बाय ३० मीटर. पंच लांब बाजूला बसतात आणि कोरिओग्राफी त्यांच्याकडे तोंड करून असते, म्हणून पंचांच्या समोरची, पलीकडची बाजू स्वस्त मिळाली तरी चेहऱ्यांऐवजी पाठीच जास्त दिसणार. अगदी खालच्या रांगेत वेग अंगावर येतो, पण रिंकभोवतीची बुटकी भिंत (बोर्ड) आडवी येऊन जवळच्या कडेला स्केटरचे पाय झाकते (टीव्हीवर हे कळतच नाही). लुट्झ ही उडी बहुधा कोपऱ्याकडे घेतात. टेकऑफला (उडी घेताना) स्केटच्या पात्याची बाहेरची कड (एज) टिकते की पातं आतल्या कडेवर वळतं, हे नीट दिसायला कोणता कोपरा, साधारण कितवी रांग? सरावसत्रांना हीच सीट चालते का?