हिस्टअपेंड पुरेसं नाही
बॅश या शेलमध्ये (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) आधी दिलेल्या कमांडची यादी, म्हणजे हिस्टरी, एका फाइलमध्ये साठते. ती टिकवायला सुचवलं जातं की ‘हिस्टअपेंड’ ही सेटिंग चालू केली की दुसऱ्या टर्मिनलची (कमांड देण्याच्या खिडकीची) हिस्टरी पुसली जात नाही. बरोबर आहे, पण फाइलमध्ये लिहिलं जातं ते शेल बंद होतानाच. मधेच मशीन बंद पडलं तर त्या सेशनमधलं सगळं गेलं! म्हणून प्रॉम्प्ट-कमांड व्हेरिएबलमध्ये (यात टाकलेली कमांड बॅश दर वेळी आपोआप चालवतो) ‘हिस्टरी’ कमांड ‘ए’ पर्यायासह (history -a) टाका. प्रत्येक कमांडनंतर नवी ओळ फाइलमध्ये जाते. ‘एन’ पर्याय (history -n) मात्र तिथे नको, असं माझं ठाम मत आहे. त्याने इतर खिडक्यांतल्या कमांड आत येतात, आणि वरचा बाण दाबून एंटर मारताना भलतीच कमांड चालू शकते. डिलीटची असली तर? लागेल तेव्हा तो हाताने चालवावा. हिस्टरीची मर्यादाही वाढवा, मुळात ती फक्त ५०० कमांडची असते.