पेपर प्लगइन इंटरफेस: रेफरन्स काउंट असलेल्या व्हार प्रकारांचे दस्तऐवजीकरण कसे करावे?

प्रश्न:
क्रोमच्या पेपर इंटरफेसवर (प्लगइनने ब्राउझरशी बोलण्याचा मार्ग) सी भाषेत लिहिलेले एक जुने नेटिव्ह क्लायंट मॉड्यूल (ब्राउझरमध्ये मशीन कोड चालवण्याचे जुने तंत्र) आम्हाला वेबअसेम्ब्लीवर (ब्राउझरमध्ये चालणारे बायनरी कोडचे स्वरूप) न्यायचे आहे. त्याआधी नव्या सहकाऱ्यांसाठी मी अंतर्गत दस्तऐवज लिहीत आहे. पीपी_व्हार (थोडक्यात व्हार) ही मॉड्यूल आणि ब्राउझर यांच्यात मूल्ये नेणारी रचना 16 बाइटांची असते. बूलियन, इंट32 किंवा डबल असेल तर मूल्य तिच्यातल्या 8 बाइटांच्या युनियनमध्येच मावते. स्ट्रिंग, ऑब्जेक्ट, अ‍ॅरे, डिक्शनरी, अ‍ॅरेबफर आणि रिसोर्स या प्रकारांत मात्र तेथे केवळ 64 बिटांचा ओळखक्रमांक असतो आणि प्रत्यक्ष मूल्य इंटरफेसच्या पलीकडे सांभाळले जाते. हेडर फाइलमध्ये अशा प्रकारांपुढे ‘मेमरी गळू नये यासाठी अ‍ॅडरेफ आणि रिलीज योग्य रीतीने वापरावेत’ या आशयाची टीप आहे (पहिले फंक्शन रेफरन्स काउंट, म्हणजे त्या मूल्याला धरून असलेल्यांची संख्या, एकाने वाढवते आणि दुसरे एकाने घटवते; काउंट शून्य झाला की मूल्य नष्ट होते). योग्य रीत कोणती, हे मात्र तेथे सांगितलेले नाही. तीच टीप प्रत्येक प्रकारापुढे विस्ताराने लिहावी, की नियमांचे वेगळे प्रकरण करावे?

उत्तर 1:
प्रकारापुढे ‘रेफरन्स काउंट होतो’ एवढी एक ओळ पुरे. विस्तार प्रत्येक फंक्शनपुढे करावा, कारण रेफरन्स कोणी सोडायचा हे फंक्शनवरून ठरते. व्हारफ्रॉमयूटीएफ8 (मजकुरापासून स्ट्रिंग व्हार बनवणारे फंक्शन) ने दिलेल्या स्ट्रिंगचा काउंट 1 असतो आणि तो रेफरन्स तुमचा असतो. ती स्ट्रिंग डिक्शनरीत सेट केली की डिक्शनरी स्वतःचा आणखी एक रेफरन्स घेते, म्हणजे काउंट 2 होतो. पुढे डिक्शनरी नष्ट झाली तरी तुम्ही रिलीज न केल्यास 1 उरतोच आणि ती स्ट्रिंग मेमरीत अडकून पडते. डिक्शनरीतली की (किल्ली) म्हणून तयार केलेली स्ट्रिंगही तुम्हालाच सोडावी लागते. गळती शोधताना मी सर्वांत आधी तेथेच पाहतो. डिक्शनरीतून गेट करताना परत मिळणाऱ्या मूल्याचा काउंट तुमच्या वतीने वाढवलेला असतो, त्यामुळे नुसते वाचून पाहिले तरी रिलीज करणे भाग आहे.

उत्तर 2:
वरील मताशी सहमत आहे, पण हेडरमधली टीप केवळ गळतीविषयी बोलते, हे मला अपुरे वाटते. नको तेथे रिलीज केले तर होणारा घोटाळा अधिक गंभीर असतो आणि तो चटकन लक्षातही येत नाही. व्हारटूयूटीएफ8 (स्ट्रिंग व्हारमधला मजकूर देणारे फंक्शन) चेच पाहा: ते देत असलेला पॉइंटर कोणताही रेफरन्स धरून ठेवत नाही. मूळ व्हार जिवंत असेपर्यंतच तो वैध असतो, आणि त्या मजकुराच्या शेवटी शून्य बाइटही नसतो, म्हणून लांबी वेगळी मिळते तीच वापरावी लागते. व्हार आधी सोडून पॉइंटर नंतर वाचणारा कोड चाचणीत अनेकदा सुरळीत चालतो, हीच खरी पंचाईत आहे.

आणखी एक सूचना. साध्या प्रकारांवर अ‍ॅडरेफ किंवा रिलीज केल्यास काहीच घडत नाही, असे इंटरफेसच सांगतो. हे ठळकपणे लिहावे, म्हणजे प्रत्येक रिलीजआधी प्रकार तपासणाऱ्या अटी लिहिण्याची गरज कोणाला वाटणार नाही.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचेही आभार. फंक्शननिहाय लिहिण्याचे ठरवतो. हँडलमेसेजमध्ये (पानाकडून संदेश आला की बोलावले जाणारे फंक्शन) आलेला व्हार आणि पोस्टमेसेजला (पानाकडे संदेश पाठवणारे फंक्शन) दिलेला व्हार यांचे काय, एवढे कृपया सांगावे.

उत्तर 3:
दोन्हींना एकच नियम लागू होतो: इनपुट म्हणून दिलेल्या व्हारचा रेफरन्स बोलावणाऱ्याकडेच राहतो. हँडलमेसेजमध्ये आलेला व्हार तुम्ही सोडायचा नाही. फंक्शन संपल्यावरही तो हवा असेल तर आधी अ‍ॅडरेफ करून ठेवायचा आणि काम झाल्यावर तेवढा रेफरन्स सोडायचा. पोस्टमेसेज काउंट होणाऱ्या प्रकारांची प्रत करून पाठवते, त्यामुळे ते परतल्यावर तुमचा रेफरन्स लगेच सोडता येतो. अ‍ॅरे किंवा डिक्शनरी स्वतःकडेच फिरून येत असेल, तर संदेश जात नाही आणि कन्सोलवर त्रुटी नोंदवली जाते. असे चक्र हाताने तोडल्याशिवाय त्यातला काउंट शून्यावर येत नाही, ही ओळ त्याच नोंदीत घालावी.

रिसोर्स प्रकाराला मात्र स्वतंत्र परिच्छेद द्यावा, कारण तेथे दोन काउंट असतात: व्हारचा एक आणि आतील रिसोर्सचा दुसरा. व्हारटूरिसोर्सने मिळालेला रिसोर्स पीपीबी_कोअरच्या रिलीजरिसोर्सने सोडायचा असतो आणि व्हार पीपीबी_व्हारच्या रिलीजने. सी++ मधील पीपी::व्हार वर्ग ही मोजणी आपोआप सांभाळतो. तरीही सी फंक्शनकडून मिळालेला व्हार त्यात घालताना पास_रेफ (हातातला रेफरन्सच वर्गाकडे सोपवण्याची खूण) दिले नाही, तर काउंट एकदा जास्तीचा वाढतो. तुमच्या मॉड्यूलमध्ये सी आणि सी++ एकत्र असतील, तर या जागा आधी तपासाव्यात.